तानाबाईचे एकशे अडुसष्ट उंदीर

तानाबाईला कुणी विचारलं, "काय करता?" की ती कपाळाला आठी न घालता सांगते, "उंदरं राखतो." विचारणारा पावणा एक पाऊल मागं सरकतो. मग ही मुद्दाम पुढं रेटते, "दोनशे चाळीस हायत. समदी पांढरी. तुमच्यापरास स्वच्छ."

खोटं काही नाही त्यात. कोल्हापूरच्या बाहेर एका फार्मसी कॉलेजात औषधांच्या प्रयोगासाठी पांढरे उंदीर पाळतात, त्या प्राणीगृहात तानाबाई बावीस वर्षं कामाला आहे. नवरा गेला तेव्हा पदरात चार वर्षांची पूर्णिमा होती. मिळेल ते काम धरायचं म्हणून हिनं हे धरलं. पहिल्याच आठवड्यात एका उंदरानं करंगळी फोडली. दुसरी कुणी असती तर नोकरीला रामराम ठोकून घरी गेली असती. हिनं करंगळीला हळद दाबली, दुसऱ्या दिवशी त्याच उंदराला उचललं आणि म्हणाली, "चाव बघू पुन्यांदा." त्यानं चावा घेतला नाही. अशी ही बाई. एकदा हातात घेतलं की सोडायचं माहीत नाही.

बावीस वर्षांत उंदीर तिला तोंडपाठ झाले. कुणाचं अंग फुललंय, कोण कोपरा धरून बसलाय, कुणी सकाळपासून मिशा पुसल्या नाहीत, हे तिला पिंजऱ्यावरनं नजर फिरवली की कळतं. कॉलेजातले डॉक्टरेट करणारे साहेब लोक कॉम्प्युटरवर बघून सांगायचे, ते ही दारातनं सांगायची. माणसं खोटं बोलतात, उंदीर बोलत नाहीत, असं तिचं ठाम मत. आणि ह्याच मतानं तिचा घात होता होता राहिला, त्याची ही गोष्ट.

पूर्णिमाचं लग्न जयसिंगपूरच्या सम्राटशी झालं. मुलगा चांगला, एका व्यापाऱ्याकडं कामाला. बाळंतपणाला पोरगी माहेरी आली, उचगावच्या दोन खोल्यांत. मुलगी झाली. गोरीपान, टकलू, आवाज असा की चार घरांना जाग यावी. पण पूर्णिमाला मात्र जाग येईना. पहिले पंधरा दिवस तानाबाईला वाटलं, थकवा असेल. महिना झाला. दोन झाले. पूर्णिमा भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. पोरगी अंगाला लावली तर पाजायची, काढून घेतली तर हात आहे तसाच राहायचा. केस विंचरणं नाही, बोलणं नाही. लहानपणी शेजारणीशी नळावर भांडून घागर पहिली लावणारी ही पोरगी! तिला "जेवतीस का?" विचारलं तर "ठेव" म्हणायची, आणि ताट तसंच वाळायचं. बेचाळीस किलोवर आली.

सासरकडचे म्हणाले, बाहेरचं झालंय, उतारा टाका. शेजारीण म्हणाली, आळस आहे, दोन मुस्काटात द्या. तानाबाईनं उताराही टाकला नाही आणि हातही उगारला नाही. पण करायचं काय, हे तिला कळत नव्हतं, आणि न कळण्याची तिला सवय नव्हती.

त्याच दिवसांत प्राणीगृहात शिवशरणचा प्रयोग चालला होता. शिवशरण गडहिंग्लजकडचा, तिशीला टेकलेला, तीन वर्षं उदासीवरचं नवं औषध बनवायच्या मागं लागलेला. चारचौघांत ती त्याला सर म्हणायची आणि एकटा असला की शिवशरणा. प्रयोग असा: काचेच्या उंच नळकांड्यात पाणी भरायचं, त्यात उंदीर सोडायचा आणि पाच मिनिटं बघायचं. उंदीर आधी जोरात हातपाय मारतो, काच खरवडतो. मग दमतो आणि नाक तेवढं वर ठेवून नुसता तरंगत राहतो. औषध दिलेला उंदीर जास्त वेळ झगडतो का, ते घड्याळ लावून मोजायचं. वेळ संपली की बाहेर काढून पुसायचं. पुसायचं काम तानाबाईचं. सगळी मोजणी झाली की शेवटी ते उंदीर मारून टाकतात.

शिवशरणनं चार औषधं केली होती. पहिली तीन फुकट गेली. चार नंबरची बाटली दिलेले उंदीर मात्र असे काही हातपाय मारायला लागले की तानाबाई टॉवेल घेऊन उभीच राहिली.

"ह्यो बघा गडी! हरायलाच तयार न्हाय की!"

तिच्या हातात भिजलेला उंदीर थरथरत होता, आणि तिच्या डोळ्यांपुढं भिंतीकडं तोंड केलेली पूर्णिमा होती. माझी पोरगी पण अशीच नाक वर ठेवून तरंगालीया, तिनं मनात म्हटलं. हिला कुणीतरी चार नंबर द्यायला पाहिजे. कुणीतरी म्हणजे कोण? मीच.

विचार एकदा बसला तो बसला. चार दिवस तिनं रोज तोच प्रयोग पाहिला आणि रोज तिची खात्री वाढत गेली. पाचव्या दिवशी दुपारी प्रयोग उरकल्यावर बाटलीत तळाला राहिलेलं औषध तिनं एका छोट्या कुपीत ओतलं, कुपी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळली आणि जेवणाच्या पिशवीत डब्याखाली ठेवली. बावीस वर्षांत कॉलेजातला चमचाभर भुसा घरी नेला नव्हता तिनं. तरी हात मागं आला नाही.

आता प्रश्न राहिला किती द्यायचं. इथं तिनं सगळं आयुष्य जे केलं तेच केलं, म्हणजे वजनानं हिशेब. प्राणीगृहात औषध उंदराच्या वजनावर ठरतं. अडीचशे ग्रॅमचा उंदीर, म्हणजे किलोला चार उंदीर. पूर्णिमा बेचाळीस किलो. बेचाळीस चोक एकशे अडुसष्ट. म्हणजे पूर्णिमा झाली एकशे अडुसष्ट उंदीर. हिशेब चोख होता. फक्त कुपीत तेवढ्या उंदरांचं औषध नव्हतं. म्हणून ती हात पुसत शिवशरणजवळ गेली आणि अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "शिवशरणा, चार नंबर आनखी कितीक हाय रं? एकशे अडुसष्ट उंदरांना पुरंल एवढं?"

शिवशरण कॉम्प्युटरसमोर नुसता बसला होता. पडदा काळा झाला होता तरी तो त्याकडंच बघत होता. त्यानं मान वळवली. "एकशे अडुसष्ट? एवढं उंदीर कुठं हायत आपल्या गटात?"

"एकच हाय. मोठा हाय."

तानाबाईला खोटं बोलता येत नाही, हा तिचा दोष म्हणा, गुण म्हणा. शिवशरणची नजर तिच्या तोंडावरनं खांद्याच्या पिशवीवर गेली, आणि तिनं पिशवी पोटाशी घट्ट धरली. झालं! त्याला सगळं समजलं. घरी काय चाललंय हे तिनं त्याला कधीतरी चहा पिताना सांगितलं होतं.

"आक्का, काय ओ हे? पूर्णिमाताईला?"

"देनार हाय."

"न्हाय द्यायचं."

"का न्हाय? माझ्या डोळ्यांनी बघितलंय. उंदरं कशी झगडत्यात!"

"उंदरं झगडत्यात. माणसाला ते औषध लागूच पडत न्हाय, आक्का. परवा रिपोर्ट आलाय. राहिलेलं उंदीर नुसतं उरकत हुतो."

शिवशरणनं खुर्ची ओढून तिला बसवलं. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं, तो सांगू लागला. मन, झोप, भूक, सगळ्यांत त्याचा हात. त्याचा निरोप घ्यायला पेशींवर ठरलेल्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्यांच्या बऱ्याच तऱ्हा आहेत, आणि चार नंबर त्यातल्या एकाच तऱ्हेवर जाऊन बसतं. ती जागा म्हणजे जवळजवळ चारशे मण्यांची माळ, गुंडाळून ठेवलेली. उंदराची माळ आणि माणसाची माळ बघायला सारखीच. थोडे मणी इकडंतिकडं वेगळे, पण त्यांनी काही बिघडत नाही. मात्र औषध जिथं बसायचं, नेमका तिथला एक मणी उंदराचा वेगळा आणि माणसाचा वेगळा.

"एक?" तानाबाई म्हणाली.

"एक."

"चारशेत एक? मग त्यानं काय हुतंय? शर्टाचं एक बटन तुटलं म्हनून मानूस काय उघडा फिरतोय व्हय?"

शिवशरणला त्या परिस्थितीतही हसू आलं. मग तो थोडा विचार करून म्हणाला, "आक्का, 'हाय' म्हना."

"काय?"

"म्हना की. हाय."

"हाय."

"आता 'न्हाय' म्हना."

"न्हाय."

"कितीचा फरक झाला?"

तानाबाईनं ओठ हलवून दोन्ही शब्द मनातल्या मनात म्हणून बघितले. "नुसता न चा."

"बास. एवढाच फरक. उंदराची जागा चार नंबरला 'हाय' म्हणती. माणसाची 'न्हाय' म्हणती. माणसाच्या रिसेप्टरवर तपासायला बाहेर पाठवलं होतं मी. तीस वर्षांपूर्वी पुस्तकात लिहून ठेवलंय लोकांनी, की ह्या जातीची काही औषधं उंदराला धरतात आणि माणसाला नाही. मला वाटलं माझं तेवढं निराळं निघंल." तो थांबला. "न्हाय निघालं."

"न्हाय लागू पडलं तर न्हाय. देऊन बघायला काय जातंय?" तानाबाईनं शेवटचा हट्ट करून पाहिला.

"त्या जागेवर बसत नाही म्हणजे दुसरीकडं कुठं जाऊन बसंल, ते कुणाला ठावं हाय? माणसाच्या पोटात गेलेलंच न्हाय ते अजून. आणि ताई पाजतीया न्हवं? दुधातनं पोरीच्या अंगात जाईल की."

हे ऐकल्यावर मात्र तानाबाईचा हट्ट संपला. तिनं पिशवीत हात घातला, कुपी काढली आणि टेबलावर ठेवली. काय करायला निघालो होतो मी! नात तीन महिन्यांची, तिला मी स्वतःच्या हातानं... तिनं पदरानं तोंड पुसलं. आणि मग तिला राग आला, असा की उभं राहावं लागलं.

"मग ही उंदरं कशापायी मारली रं? बावीस वर्षं मी पुसलीत, खायाला घातलंय. कशापायी?"

"चुकीची वाट कुठली ते कळायला," शिवशरण खाली मान घालून म्हणाला. "कधी बरोबर वाट सापडती. माझी न्हाय सापडली."

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की ह्या पोराची तीन वर्षं परवा पाण्यात गेली आहेत आणि त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. तिनं डबा उघडला, भाकरी मधनं मोडली आणि अर्धी त्याच्यापुढं ठेवली. दोघं जेवले. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "ज्याला मानूस 'हाय' म्हनतोय, असं औषध कुठं मिळतंय?"

"मिळतंय की. माणसांवर नीट तपासलेली हायत. सरकारी दवाखान्यात मनोविकाराचा विभाग हाय, तिथं न्या."

"उद्याच न्हेतो," तानाबाई म्हणाली.

सांगणं सोपं होतं. संध्याकाळी सम्राटचा फोन आला आणि तिनं त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "आत्या, वेड्याच्या डाक्टरकडं नगा न्हेऊ. पावण्यांत कळलं तर लोकं काय म्हनतील?"

"लोकं काय पोरीला पाजायला येनार हायत व्हय?" तानाबाई कडाडली. "जावईबापू, तुमाला यायचं तर या. न्हाय आला तर मी न्हेनारच हाय. पोरगी माझी हाय, लोकांची न्हवं."

सम्राट आला. सकाळी सातला दारात उभा, दाढीही न करता. तानाबाईला त्याच्याबद्दल मनापासून माया वाटली, पण तिनं ती दाखवली नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पूर्णिमाला एकटीला आत घेऊन अर्धा तास बोलतं केलं. मग दोघांना बोलावलं. बाळंतपणानंतर काही बायकांना असा आजार होतो, म्हणाल्या. आळस नाही, बाहेरचं नाही, वेड नाही. गोळी द्यायची, दर आठवड्याला बोलायला यायचं, एकटं सोडायचं नाही. अंगावर पाजायला हरकत नाही. गुण यायला चार आठवडे लागतील, सहाही लागतील.

"चार आठवडं?" तानाबाई म्हणाली. "आमच्या उंदरांना तासाभरात फरक पडतोय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हसल्या मात्र नाहीत. "मावशी, उंदराला आपण पाण्यात टाकलेलं असतं. बाहेर काढलं की त्याचं संपलं. तुमच्या मुलीचं तसं नाही. तुम्हाला थांबावं लागेल."

थांबणं! तानाबाईनं आयुष्यात सगळं केलं होतं, ते एक सोडून. पण ठरवलं. रोज सकाळी नाष्ट्यानंतर गोळी, स्वतःच्या हातानं. पहिला आठवडा पूर्णिमाला मळमळायचं. दुसऱ्या आठवड्यात झोप थोडी लागली, बाकी जैसे थे. तानाबाई कामावर असताना शेजारीण घरी बसायची, शनिवार-रविवार सम्राट यायचा आणि पोरीला खांद्यावर घेऊन गल्लीत फिरायचा. तानाबाईला कळेना, गुण येतोय का नाही. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तेव्हा तिनं तिला जमतं ते केलं. कॉलेजात पिंजऱ्याला लावायचं कार्ड असतं. एक कोरं कार्ड तिनं विचारून घरी आणलं, त्यावरचे छापील रकाने नीट भरले, आणि मागच्या बाजूला रोजची तारीख घालून लिहायला लागली. किती खाल्लं. केस विंचरले का. हाक मारल्यावर मान वळली का. पोरगी रडल्यावर बघितलं का. कार्ड पत्र्याच्या पेटीमागं खोचून ठेवायची, पूर्णिमाला दिसू नये म्हणून.

विसाव्या दिवशी पूर्णिमानं गोळी घ्यायची नाही म्हणून सांगितलं. "काय उपेग न्हाय, आई. ऱ्हाऊ दे."

तानाबाई गोळी तळहातावर घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसली. भांडली नाही, रडली नाही. "डाक्टरीणबाईंनी सहा आठवडं सांगितल्यात," एवढंच म्हणाली आणि हात पुढं धरून राहिली. कामाला जायची पहिली बस गेली, दुसरी गेली. हाताला कळ लागली तसा तिनं कोपर गुडघ्यावर टेकवला. शेवटी पूर्णिमानं कंटाळून गोळी उचलली आणि गिळली. कार्डावर त्या दिवशी लिहिलं: गोळी घेतली. दीड तास.

तेविसाव्या दिवशी लिहिलं: दोन घास जास्त. पंचविसाव्या दिवशी लिहिलं: खिडकीतनं बाहेर बघितलं, कुत्र्याला हाड म्हणाली. हे लिहिताना पेन जरा थांबलं, कारण हे मोजायचं कसं ते तिला कळेना.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी तानाबाई नातीला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसली होती, कामावर जायची घाई होती. पूर्णिमा आत काहीतरी हुडकत होती. पेटी सरकल्याचा आवाज आला. मग पूर्णिमा दारात येऊन उभी राहिली. हातात कार्ड.

"जात," ती मोठ्यानं वाचू लागली. "मानूस. नाव, पूर्णिमा. नर-मादी..." तिचा आवाज चढला. "मादी? मादी लिवलंयस तू? वजन बेचाळीस. गट, औषध चालू! आगं ये आई, मी काय तुझा उंदीर हाय व्हय?"

तानाबाईनं नातीला छातीशी धरलं.

"रोज माझं केस मोजालीस? मी कुत्र्याला काय म्हनलो ते लिवालीस? लाज वाटती काय न्हाय तुला? पिंजऱ्यातच घाल की मला एकदा!" शेजारणीनं दार उघडलं. गल्लीतला एक म्हातारा थांबून बघायला लागला. पूर्णिमानं त्याच्याकडंही बघितलं. "काय बघतायसा ओ? जावा की आपल्या वाटेनं!"

म्हातारा गेला. तानाबाईच्या डोळ्यांतनं पाणी घळाघळा वाहायला लागलं. तीन महिने आणि सत्तावीस दिवस तिनं ह्या आवाजाची वाट बघितली होती. तिची पोरगी तिच्यावर ओरडत होती, शेजारपाजारला ऐकू जाईल असं, आणि तानाबाईला वाटत होतं की हिनं अजून ओरडावं, दुपारपर्यंत ओरडावं.

"आन् हे कार्डावर लिवलंस काय, पोरीचं दुपटं कवाधरनं ओलं हाय ते?" पूर्णिमानं कार्ड फेकून दिलं आणि दोन्ही हात पुढं केले. "हिकडं आन तिला. अशी धरत्यात व्हय?"

तानाबाईनं पोरगी तिच्या हातात दिली. पूर्णिमानं ओलं दुपटं सोडलं, पोरीचे पाय हातात घेऊन बघितले आणि आईकडं न बघताच म्हणाली, "रडालीस कशाला? पानी तापीव. गार पडलीया माझी पोरगी."

तानाबाई उठली आणि पाणी तापवायला लागली. त्या दिवशी दोनशे चाळीस उंदरांना खायला तासभर उशिरा मिळालं.